चांदण्याच्या मापाची बॅटरी

तीन वर्षांपूर्वीच्या पौषात माझे मामा उरलेली अख्खी रात्र बांधावर बसून राहिले. हातातली बॅटरी विझली, एवढंच कारण.

लिंबागणेशच्या शिवारात, गावापासून दीड-दोन किलोमीटरवर त्यांची वस्ती आहे. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला ते साडेबाराला निघाले. मोटार चालू केली, दारं धरली आणि तीनच्या सुमाराला परत फिरले. वाटेत बॅटरी मंद झाली आणि दहा पावलांत गेलीच. ती वाट मामा दिवसा डोळे झाकून चालतील, पण मधे एक जुनी विहीर आहे, बिनकठड्याची. अवस दोन दिवसांवर होती. फोन घरी चार्जिंगला लावलेला. मामा जागीच बसले. ओल्या पायांनी, घोंगडीत हात गुंडाळून, पूर्वेला फटफटेपर्यंत. मामी कंदील घेऊन हाका मारत आल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बॅटरी गेली."

ती बॅटरी मीच दिली होती. दिवाळीत, नवी कोरी, खोक्यात घालून. खोक्यावर लिहिलं होतं की उजेड एक किलोमीटर जातो आणि एका चार्जिंगवर बारा तास चालतो. मामांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. मी ती बॅटरी उघडली. आत एक सेल निघाला, त्यावर क्षमता म्हणून '९९०० एमएएच' असे आकडे छापलेले. तो किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर तीस ग्रॅमच्या जरा वर भरला. या आकाराचा खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे असतो, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी बॅटऱ्यांच्या मागे लागले आहे. दुकानांतून, बाजारांतून, शेतांतून आणि ऊसतोडीच्या फडांतून जे पाहिलं, ऐकलं आणि करून बघितलं, ते इथे मांडते आहे.

आधी नावाचं. पुस्तकात 'विजेरी' आहे, शहरात 'टॉर्च' आहे. लिंबागणेशला ती 'बॅटरी'च. तिच्यात घालायचे ते 'सेल', घड्याळात बसतो तो 'पेन्सिल सेल', आणि भिंतीला लावून भरायची ती 'चार्जिंगची'. मीही हेच शब्द वापरणार आहे.

लिंबागणेश बालाघाटाच्या माथ्यावरचं गाव, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांत या भागात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. गावाची ओळख भालचंद्र गणपतीची. चंद्र गणपतीला हसला, शाप ओढवून बसला, मग त्याने इथे तप केलं आणि गणपतीने त्याला कपाळावर जागा दिली, अशी इथली श्रद्धा. इथल्या तीर्थालाही चंद्रपुष्करणी म्हणतात. महिन्याच्या संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत उपास सुटत नाही, आणि तो उगवायला रात्रीचे साडेआठ, नऊ, कधी त्याहून उशीर होतो. दिवस मावळल्यापासून चंद्रोदयापर्यंतचा तो काळोख इथल्या माणसाला चांगला ओळखीचा आहे.

बॅटरीच्या खोक्यावरचा 'एक किलोमीटर' नेमका येतो कुठून, हे शोधताना मी पुन्हा त्या चंद्रापाशीच येऊन पोचले. बॅटऱ्यांच्या मोजमापाचं एक अमेरिकी मानक आहे, एएनएसआय एफएल-१. ते २००९ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आकडे छापत असे. उजेड किती लांब जातो हे कसं ठरवायचं, याचं उत्तर या मानकात असं आहे: ज्या अंतरावर बॅटरीचा उजेड पाव लक्स इतका उरतो, ते तिचं अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्री मोकळ्या रानात पडलेलं पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे बॅटरीवर 'शंभर मीटर' लिहिलं असेल, तर शंभर मीटरवर ती फक्त चांदणं पाडते. तिथे माणूस उभा आहे हे दिसेल, पण तो कोण हे ओळखू येणार नाही. साप तर दिसणारच नाही. जगभरच्या बॅटऱ्या चांदण्याच्या मापाने मोजल्या जातात, हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले.

या मापाचं गणित शाळेतल्या पोरालाही जमेल. बॅटरीच्या झोताची तीव्रता कॅन्डेलात मोजतात. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं, की मीटरमधलं अंतर मिळतं. अडीच हजार कॅन्डेलाची बॅटरी शंभर मीटर जाते, दहा हजारांची दोनशे. अंतर दुप्पट हवं तर तीव्रता चौपट लागते. एक किलोमीटरसाठी अडीच लाख कॅन्डेला हवेत. तसा झोत टाकणाऱ्या बॅटऱ्या आहेत, पण त्यांचं तोंड मोठं असतं आणि झोत सुईसारखा बारीक. मुठीत मावणारी, अडीचशे रुपयांची बॅटरी किलोमीटर गाठते असं कोणी म्हणालं, तर ते खोटं आहे.

'बारा तासां'ची गोष्टही तशीच. या मानकात उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा सगळा वेळ 'चालण्याचा वेळ' म्हणून धरतात, आणि एकूण उजेडाचा, म्हणजे ल्युमेनचा, आकडा बटण दाबल्यापासून अर्ध्या ते दोन मिनिटांत मोजलेला असतो. त्यामुळे खरं लिहिणाऱ्या कंपनीच्या बॅटरीचेही बारा तास पूर्ण उजेडाचे असतातच असं नाही. पहिला अर्धा तास लख्ख आणि मग रात्रभर मिणमिण, असाही त्याचा अर्थ असू शकतो. विकणाऱ्याला विचारायचं ते हे: मधल्या उजेडावर किती वेळ एकसारखी चालते?

नेकनूरच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या बॅटऱ्यांचे ढीग असतात. लाल, निळ्या, सोनेरी. मी एक उचलून खोकं वाचलं, 'दहा हजार ल्युमेन'. आजचा चांगला एलईडी एका वॅटला साधारण शंभर ल्युमेन देतो. दहा हजार ल्युमेनला शंभर वॅट लागतील. आतला सेल बहुतेक वेळा १८६५० जातीचा असतो. अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं, असं ते नाव. या मापाचा उत्तम सेलसुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतो, म्हणजे सुमारे बारा वॅट-तास. शंभर वॅटने तो सात मिनिटांत रिकामा होईल, आणि त्याआधीच हात भाजेल. उलट त्याच सेलवर शंभर ल्युमेनची बॅटरी नऊ-दहा तास चालते. मामांना शंभर ल्युमेन पुरतात. आजोबांनी तर सगळा जन्म त्याच्या पाचव्या हिश्श्यावर काढला.

आजोबांची बॅटरी पितळी, तीन सेलची. मागचं झाकण फिरवून काढलं की आत एक जादा बल्ब कापसात गुंडाळलेला असे. डोकं फिरवून फोकस बारीक-मोठा व्हायचा. मृगाआधी आणि परगावी जाताना ते सेल काढून वर फडताळात ठेवत, आणि आम्हा पोरांना तिला हात लावायची मनाई होती. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे. ऊब लागली की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि दोन-चार रात्री निघतात, एवढं त्यात खरं होतं. पण या साध्या सेलमध्ये जस्ताचं भांडं हाच ऋण ध्रुव असतो. वीज देता देता भांडंच झिजतं, शेवटी भोक पडतं आणि आतला ओला मसाला बाहेर येऊन बॅटरी कुजवतो. सेल काढून ठेवण्याची आजोबांची शिस्त म्हणूनच होती. ती पितळी बॅटरी अजून घरात आहे आणि तिच्या आत कुठेही हिरवा डाग नाही.

या वस्तूचा जन्म अमेरिकेतला. डेव्हिड मिसेल याला १८९९ च्या जानेवारीत नळीच्या आकाराच्या बॅटरीचं पेटंट मिळालं. तेव्हाचे सेल आणि कार्बनची तार इतकी दुबळी होती की ती सलग पेटतच नसे, फक्त चमकून विझे, आणि इंग्रजीतलं तिचं नाव त्या चमकण्यावरूनच पडलं. त्या धंद्यातून पुढे एव्हरेडी झाली. भारतात ही कंपनी १९३४ मध्ये कोलकात्यात नोंदली गेली आणि १९५८ मध्ये लखनौला तिचा बॅटऱ्यांचा कारखाना निघाला. भारतातल्या खेड्यांत मांजराच्या चित्राचे लाल सेल पोचवणारी ही कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला ज्या कारखान्यातून वायू सुटला, तो याच कंपनीचा. मी शाळेत असताना हे वाचलं आणि पितळी बॅटरीकडे बराच वेळ बघत बसले होते, ते आठवतं.

मग पांढरा एलईडी आला. निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड काढायचा, ही त्याची युक्ती. निळा एलईडी साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. बल्ब उडणं संपलं आणि उजेड कैक पटींनी वाढला, पण नवी बॅटरी आतून बघता येत नाही. आजोबांची दुरुस्ती मुठीतल्या मुठीत व्हायची. मामांची बॅटरी मला आरीने कापावी लागली.

आता मामांसारख्या माणसाला बॅटरी कशाकशाला लागते ते बघू. सगळ्यात पहिलं काम पायांचं. रात्री दारं धरणारा माणूस ओल्या रानात, गवताच्या बांधावरून अनवाणी किंवा चपलेवर चालतो. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, चारही विषारी साप आपल्या मुलखात आहेत, आणि मण्यार तर रात्रीचीच. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. या माणसांना किलोमीटरभर जाणारा झोत नको होता. दोन पावलांपुढची जमीन दिसायला हवी होती.

पायांसाठी झोत रुंद हवा. भिंतीवर पाडून बघितला तर मधे काळं भोक नको आणि कडेला एकदम काळोख नको. पन्नास ते शंभर ल्युमेन भरपूर होतात. उजेड फार निळसर असेल तर वाळकं पान आणि घोणस एकाच रंगाची दिसतात. थोडा उबदार, उन्हाच्या जवळचा रंग असला की तांबूस-तपकिरी छटा वेगळ्या होतात. आणि बॅटरी कमरेपाशी धरावी. डोक्यावरून पडणारा उजेड खड्ड्यांच्या सावल्या पुसून टाकतो, खालून तिरपा पडणारा उजेड प्रत्येक ढेकूळ उठावदार करतो. वयस्क शेतकरी बॅटरी मांडीजवळ लोंबती धरून चालतात. ते मी लहानपणी आळसाचं लक्षण समजत होते. ते शहाणपण आहे. दुसऱ्या हातात काठी, पायांत गमबूट. आणि तरीही दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता सरळ दवाखाना. १०८ ला फोन करायला फोनमध्ये चार्जिंग उरलेलं हवं, म्हणून रात्री फोनची बॅटरी वाटेसाठी जाळू नये.

विंचवाचं तंत्र वेगळं आहे. अतिनील उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, म्हणून काळोखातही सापडतो. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या बाजूला लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचवले. ज्यांची घरं दगड-मातीची आहेत आणि लेकरं खाली झोपतात, त्यांनी एक छोटी जांभळी बॅटरी घ्यावी, अंथरूण टाकण्याआधी कोपरे बघावेत. फक्त ती कोणाच्या डोळ्यांवर मारायची नाही.

दुसरं काम हातांचं. स्टार्टर, डीपी, फ्यूज, गायीचं बाळंतपण. इथे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी. पेटीपुढे ओल्या हातांनी उभं राहून धातूची बॅटरी दातांत धरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि माझा श्वास अडकला आहे. डोक्याच्या बॅटरीचा पट्टा सैल होत नाही ना आणि तिच्यात मंद उजेडाची पायरी आहे ना, एवढं बघावं. जवळच्या कामाला लख्ख उजेड त्रासच देतो. डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका झोताने ती कमाई क्षणात जाते.

ऊसतोडीत तर डोक्याची बॅटरी कोयत्याइतकीच अवजार झाली आहे. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातून जोडप्याजोडप्याने माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटे अंधारात तोडणी, आणि गाडी येईल तेव्हा, मग ती रात्री दोनला का असेना, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. डोक्यावर मोळी आली की कपाळावरची बॅटरी झाकली जाते. फडातल्या बायकांकडून मी शिकले की त्या बॅटरी गळ्यात उलटी अडकवतात, उजेड सरळ फळीवर पडतो. बॅटरी करणाऱ्या कुठल्याही कंपनीने याचा विचार केल्याचं मला दिसलं नाही. मोळीखाली छातीवर लागणारी, घामाने न बिघडणारी, रुंद उजेडाची बॅटरी या बायकांना हवी आहे. कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, संडास नसतो, अंधारात रानात जावं लागतं, तेव्हाही तीच सोबत. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एकच बॅटरी असते आणि ती बहुतेक वेळा गड्याकडे असते. माझं ठाम मत आहे की उचल घेताना दुसरी बॅटरी मागून घ्यावी. आणि टायरगाडीच्या, ट्रॉलीच्या मागे लाल लुकलुकणारा दिवा बांधावा. मागून येणाऱ्या वाहनाला अंधारात उसाची गाडी दिसत नाही, ती अंगावर आल्यावरच कळते.

तिसरं काम लांबचं. रानडुकरं, पिकाची राखण, कोण आलंय ते बघणं. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. तो डिसेंबरात करमाळा तालुक्यात मारला जाईपर्यंत शिवारं रात्री ओस होती. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बोभाट्याने गावंच्या गावं जागी राहिली. अशा वेळी लांब झोताची एक बॅटरी वस्तीवर असावी. पाच-सहाशे ल्युमेन, बारीक फोकस, दीड-दोनशे मीटर. जनावराचे डोळे उजेडात चमकतात आणि जमिनीपासून किती उंचीवर चमकतात त्यावरून अंदाज येतो. पण उजेडाने बिबट्या पळतोच असं धरून चालू नये. आणि रस्त्याने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांवर झोत मारणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं आहे.

एका ठिकाणी बॅटरी कमी पडते, आणि ते मला जुन्या माणसांनीच दाखवलं. गाळ काढायला पडक्या विहिरीत उतरण्याआधी ते पेटता कंदील दोराने खाली सोडत. ज्योत विझली की खाली हवा नाही, कोणी उतरायचं नाही. बॅटरी प्राणवायूशिवायही लख्ख पेटते. तिच्या उजेडात तळ दिसतो आणि माणूस निर्धास्त उतरतो. घरात गॅस सुटल्याचा वास आला तरी बॅटरीचं बटण दाबू नये, त्या ठिणगीचाही भरवसा नाही. आधी दारं-खिडक्या उघडाव्यात.

आणि अचानक आलेली आपत्ती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते. भूकंप झाला आणि किल्लारी व आजूबाजूच्या गावांत दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरची माळवदं हजारो माणसांवर कोसळली. आमच्याकडे भांडी वाजली, उतरंड पडली. आजोबांनी उशाची बॅटरी हाताला लागताच सगळ्यांना अंगणात काढलं. ती कुठे आहे हे शोधावं लागलं नाही, एवढंच तिचं त्या रात्रीचं मोठेपण. संकटासाठीची बॅटरी खाटेच्या पायाला दोरीने बांधलेली असावी. पाच उजेड, लुकलुक, एसओएस असली बटणं तिला नकोत. घाबरलेल्या हाताने एकदा दाबलं की पेटली पाहिजे. ती पेन्सिल सेलवर चालणारी असावी, कारण भिंतीवरच्या घड्याळातला सेलही तिला चालतो आणि गावातल्या दुकानात तो मिळतोच. चार दिवस लाईट नसेल तर चार्जिंगची बॅटरी काय करणार? माझ्या घरी दोन्ही आहेत, एक भिंतीवर भरणारी आणि एक दुकानातल्या सेलची.

चार्जिंगच्या बॅटऱ्यांत अजून दोन जाती आहेत. स्वस्त, जड, मोठ्या तोंडाच्या बॅटरीत बहुधा चार व्होल्टचं शिसं-आम्लाचं खोकं असतं. ती रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर क्षार धरतो आणि ती मरते, म्हणून पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेली बॅटरी दसऱ्याला भरत नाही. तिला महिन्याला भरावंच लागतं. दुसरी लिथियमची. हलकी, टिकाऊ, पण सेल खरा हवा. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आयएस १६०४६ हा आकडा सेलवर किंवा खोक्यावर बघावा. सेल काढता-घालता येणारी बॅटरी घ्यावी, म्हणजे तो थकला तर सगळी वस्तू फेकावी लागत नाही. फुगलेला सेल वापरू नये, उशाखाली चार्जिंग लावू नये. पाण्याचं म्हणाल तर 'आयपीएक्स ४' म्हणजे पावसाचे शिंतोडे सोसते, 'आयपीएक्स ७' म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. पाटात पडणाऱ्या बॅटरीला सात हवं. डोक्यावर तळहाताएवढा सौर पत्रा बसवलेल्या बॅटऱ्याही बाजारात आहेत. तो पत्रा कडक उन्हात अर्धा वॅट देईल, बारा वॅट-तासांचा सेल भरायला चार-पाच दिवस घेईल. वेळप्रसंगी आधार, रोजचा नव्हे.

आमच्या घरी आता एक रीत पडली आहे. खंडेनवमीला विळे, कोयते, पाना-पकडी पुजायला मांडतात, त्यांच्यात बॅटऱ्याही मांडतो. त्या दिवशी प्रत्येकीचे सेल काढून टोकं कोरड्या फडक्याने पुसायची, रबराची कडी तपासायची. आणि दर संकष्टीला, चंद्र उगवायची वाट बघताना, सगळ्या एकदा पेटवून बघायच्या. मामींनी हे काम आपल्याकडे घेतलं आहे. नवीन बॅटरी आणली की पहिल्या रात्री ती ओसरीवर पेटती ठेवून कोंबडा आरवेपर्यंत टिकते का बघायचं, हाही त्यांचाच नियम.

या सगळ्यावर खरं औषध दिवसाची वीज आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, पुढे सौर पंपांच्या योजना आल्या, आणि ज्यांच्या शिवारात दिवसा पाणी मिळायला लागलं त्यांच्या घरच्या बायकांना मी निवांत झोपताना पाहिलं आहे. शेतकऱ्याला मध्यरात्री ओल्या रानात जावं लागू नये, ही मागणी बॅटरीच्या निवडीपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि ती मी सोडणार नाही. पण मामांची पाळी या आठवड्यातही रात्रीची आहे.

यंदा कोजागिरीला आम्ही ते अमेरिकी माप लिंबागणेशच्या माळावर लावून बघितलं. चंद्र माथ्यावर होता. बांधावर दोन पांढरी उपरणी ताणून बांधली. एकावर फक्त चांदणं पडावं म्हणून त्याच्यापुढे फळी उभी केली, दुसऱ्यावर पत्रा आडवा धरून चांदणं अडवलं, म्हणजे त्याच्यावर फक्त बॅटरी. भाऊ बॅटरी घेऊन पावलं मोजत मागे मागे गेला. आम्ही उपरण्यांपाशी उभे राहून दोन्ही सारखी दिसतात का ते बघत होतो. बाजारातली 'पाचशे मीटर' एकशे दहा पावलांवर चांदण्याला येऊन मिळाली. मी यंदा पारखून आणलेली, दीडशे मीटर लिहिलेली, दोनशे पावलांच्या आसपास. हे डोळ्यांचं माप, प्रयोगशाळेचं नव्हे. शेवटी मामांनी आजोबांची पितळी बॅटरी नवे सेल घालून आणली. ती चाळीस पावलांवरच थांबली. मामा म्हणाले, "बास की. चाळीस पावलं थोडी हायेत व्हय?"

दूध पिऊन आम्ही अंगणात बसलो होतो. साडेबाराला समोरच्या टेकडीवरच्या एका वस्तीत बल्ब पेटला, मग खालच्या वस्तीत, मग ओढ्यापलीकडे. लाईट आली होती. थोड्याच वेळात चांदण्यातूनही ओळखू येणारे पाच-सहा बारके उजेड वेगवेगळ्या विहिरींकडे निघाले, सगळे जमिनीलगत, हळू. मामा उठले. गमबूट झटकून घातले, काठी घेतली, नव्या बॅटरीची खालची पायरी लावली. कांद्याच्या वाफ्यांकडे जाणारी वाट आमच्या अंगणातून सगळी दिसते. जुन्या विहिरीपाशी तो उजेड क्षणभर थांबला, डावीकडे वळला आणि पुढे गेला.